पेटीत काय भरावे: क्लिनिकल सायकॉलॉजीच्या चाचणी-संचांचा गोव्याच्या हवेतला हिशेब

एम.ए. सायकॉलॉजीचे दुसरे वर्ष लागले की चाचणी-साहित्य विकणाऱ्यांचे कॅटलॉग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. ‘क्लिनिकल संच’, ‘बालमार्गदर्शन संच’, ‘संपूर्ण प्रयोगशाळा’. एकत्र घेतले तर सवलत, कुरियर फुकट. घरचेही हात आखडता घेत नाहीत. वकिलाला काळा कोट तशी आपल्या मुलीला ही पेटी, असा त्यांचा हिशेब. हा आढावा त्या पेटीचा आहे: आत काय असते, कशाचे पैसे वसूल होतात आणि काय गोव्याच्या हवेत एका पावसाळ्यात कामातून जाते. आमचा कल आधीच सांगून टाकतो. पेटीतली सगळ्यांत स्वस्त पुस्तिका सगळ्यांत मोठे निर्णय करते, आणि खरेदी करताना तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

पण आधी खरेदी कधी करायची ते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावण्याचा रस्ता भारतीय पुनर्वास परिषदेतून, म्हणजे सगळे ज्याला आरसीआय म्हणतात तिथून जातो. परिषदेचा कायदा १९९२चा, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही याच परिषदेच्या मान्यतेला बांधलेली आहे. वर्षानुवर्षे क्रम ठरलेला होता: सायकॉलॉजीत पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के गुण, प्रवेश परीक्षा, मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षे पूर्णवेळ एम.फिल. गोव्यातली मुले त्यासाठी धारवाड, पुणे, मणिपाल नाहीतर बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था गाठत आली. यूजीसीने २०२२मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र २०२५-२६च्या सत्रापर्यंत मुदत दिली, आणि परिषदेने दरम्यान नवे अभ्यासक्रम आखले. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे नाव, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट वर्ष, तिन्ही जुळतात का ते पाहा. मान्यता ठराविक काळापुरती असते. मागच्या तुकडीला होती म्हणून पुढच्या तुकडीला असतेच असे नाही.

एम.फिल.च्या पहिल्या भागाला पाच सविस्तर निदान-अहवाल सादर करावे लागतात. त्यांत रुग्णाचा इतिहास, चाचणी का घेतली, हीच का निवडली, काय आढळले आणि मत काय, हे सगळे येते. मुख्य चाचण्या हातात बसल्याचे प्रमाणपत्र विभागप्रमुख देतात, तेव्हा परीक्षेला बसता येते. या चाचण्यांचे साहित्य विभागाच्या कपाटात असते. त्यामुळे प्रवेशाआधी घेतलेला संच दोन वर्षे घरी माळ्यावर पडून राहतो. एम.ए.च्या विद्यार्थ्याने दोन वस्तू घ्याव्यात: आवाज न करणारे स्टॉपवॉच आणि अहवाल लिहायला जाड वही. बाकीचे नोंदणी क्रमांक मिळाल्यावर. तो क्रमांक मिळेपर्यंत तुमच्या अहवालाखाली मार्गदर्शकाची सही लागते. संच तुमच्या मालकीचा असला म्हणून सहीचा अधिकार येत नाही, हे पालकांनाही कळलेले बरे. नोंदणीदेखील कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. पहिल्या वर्षीच सगळी पुंजी लाकडी ठोकळ्यांत घालणाऱ्यांनी तो खर्चही धरून ठेवावा.

आता लाकूड. सेगुइन फॉर्म बोर्ड ही दहा आकारांची पाटी: चांदणी, फुली, वर्तुळ, अर्धवर्तुळ, चौकोन, आयत, त्रिकोण, षट्‌कोन, लंबगोल आणि शंकरपाळी. मुलाने ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे, शक्य तितक्या लवकर. तीन फेऱ्या घ्यायच्या, त्यांतला सगळ्यांत कमी वेळ धरायचा आणि तक्त्यावरून मानसिक वय काढायचे. दोन मिनिटांत समजावता येते, भाषा जवळजवळ लागत नाही, लाजरे मूलसुद्धा हात पुढे करते. लहान मुलांसाठी पेटीतली ही पहिली वस्तू असावी, यात आम्हाला शंका नाही.

गोम मोजमापात आहे. निकषतक्ता, म्हणजे कोणत्या वयाच्या मुलाला किती वेळ लागतो याचा तक्ता, सेकंदांचा आहे. काही सेकंदांनी मानसिक वयाचा आकडा हलतो. आणि लाकूड जूनपासून फुगते. उन्हाळ्यात सैल बसणारी फुली जुलैत खाचेच्या तोंडाशी अडते. मूल ती योग्य जागी नेते, दाबते, बसत नाही म्हणून ‘ही नव्हे’ असे समजून उचलते आणि दुसरीकडे नेऊन बघते. नोंदीत हे ‘आकार ओळखण्यात चूक’ म्हणून उतरते. चूक मुलाची नाही, सागवानाच्या नावाखाली विकलेल्या कच्च्या लाकडाची आहे. फुली आणि चांदणी आधी अडतात, कारण त्यांना कोपरे जास्त आणि तंतूंच्या आडव्या दिशेने लाकूड जास्त फुगते. घेताना दहाही ठोकळे दहाही खाचांत स्वतः बसवून पाहा. बोटाच्या एका टिचकीने बसले पाहिजेत, आणि पाटी उलटी धरली की कुठलाही दाब न देता पडले पाहिजेत. प्लायवूडची पाटी घन लाकडापेक्षा कमी फुगते. दिसायला ती हलकी वाटते, तरी इथे तीच घ्यावी.

याच दोषाचा मोठा भाऊ भाटिया बॅटरीत, म्हणजे भाटियांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांच्या संचात भेटतो. उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वयाच्या मुलांवर बेतलेली, १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कृती-चाचणी आजही जवळपास प्रत्येक विभागात शिकवतात. पाच भाग: कोह्‌सचे रंगीत ठोकळे २५ गुणांचे, अलेक्झांडरचा पास-अलाँग २० गुणांचा, आकृत्या काढणे २० गुणांचे, तात्काळ स्मृती १५ आणि चित्रजुळणी १५. एकूण ९५. साक्षर मुलाला अंक ऐकवायचे, निरक्षराला ध्वनी, ही त्या काळातली समज अजूनही कौतुकाची वाटते.

पास-अलाँगमध्ये उथळ डब्यांत लाल-निळ्या वड्या असतात. त्या सरकवत सरकवत चित्रातल्यासारख्या करायच्या, उचलायच्या नाहीत. पहिल्या चार आकृत्यांना दोन-दोन मिनिटे, पुढच्या चारांना तीन-तीन. लागोपाठ दोन चुकल्या की थांबायचे. वेळेला गुण आहेत. आता जुलैतल्या दुपारी डिचोलीच्या शाळेत हा डबा उघडून पाहा. वडी कडेला चिकटून बसलेली असते. मूल अंगठ्याने रेटते, मग नखाने, मग सरळ उचलून पलीकडे ठेवते. नियमाने ती चूक. परीक्षक पुन्हा सांगतो, ‘उचलायचं नाही हां’, मूल ओशाळते आणि पुढच्या आकृतीला हातच लावत नाही. दोन अपयशे लागोपाठ, चाचणी बंद, २० पैकी ४ गुण. कागदावर हे नियोजनक्षमता कमी असल्यासारखे दिसते.

उपाय आहे. वडीची कड झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा हलकेच घासावी, रंगाच्या बाजूला अजिबात हात लावू नये, मग कडेवर मेणबत्ती फिरवावी. वडी आणि डब्याच्या भिंतीमध्ये मिलिमीटरभर फट पुरते. त्याहून जास्त केली तर उन्हाळ्यात वडी डब्यात तिरकी होते आणि वेगळ्याच प्रकारे अडकते. हे काम ओळखीच्या मेस्ताकडून (सुताराकडून) करून घेत असाल तर त्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो चांगुलपणाने सगळ्या वड्यांना नवे पॉलिश मारून देतो.

कोह्‌सच्या ठोकळ्यांचे दुखणे वेगळे, ते रंगाचे. सोळा घन, कडा साधारण अडीच सेंटिमीटर; कार्डावरची आकृती त्यांतून जुळवायची. सोळाही चार बाय चार मांडून चारही बाजूंना पट्टी लावा. एखादी ओळ दोन मिलिमीटर बाहेर आली तर मोठ्या आकृतीत रेषा तुटते, आणि नीटनेटके मूल ती सरळ करण्यात वेळ घालवते. कार्डावरचा लाल आणि ठोकळ्यावरचा लाल एकच दिसतो का ते ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीपाशी पाहा. बाजारातल्या स्वस्त संचांत ठोकळे ऑइल पेंटचे आणि कार्ड ऑफसेटचे असते. पहिल्याचा रंग टिकतो, दुसऱ्याचा उडतो. स्पिरिटने पुसायची सवय लागली असेल तर सोडा, त्याने रंग निघतो. साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके आणि सावलीत वाळवणे एवढे पुरते.

भाटियाबद्दल एक हात राखूनच शिफारस. निकष जवळपास सत्तर वर्षांचे, फक्त मुलग्यांचे आणि एका राज्याचे. बुद्ध्यंकाचे निकष जुने झाले की गुण फुगतात. अमेरिकेत ही फूग दर दशकाला सुमारे ३ गुण धरली जाते. इथला दर नेमका तोच असेल असे नाही, दिशा मात्र तीच. याचा फटका हुशार मुलाला बसत नाही. तो बसतो ज्याचा खरा गुणांक ६५च्या आसपास आहे आणि जुन्या तक्त्यात ७४ निघतो त्याला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हातचे जाते आणि वर्गात ‘आळशी’ हे विशेषण कायमचे चिकटते. म्हणून भाटिया मुलाची काम करण्याची पद्धत पाहायला वापरावी. तिच्या एकट्या आकड्यावर अहवाल उभा करू नये. मॅलिनच्या मिसिक या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचणीलाही हेच लागू, तिचे निकष १९६९चे. नवे भारतीय निकष असलेली विस्क-४ ही मुलांची बुद्धिमत्ता चाचणी पिअर्सन या प्रकाशकाकडून मिळते. पात्रतेचा पुरावा दिल्याशिवाय देत नाहीत, ते बरेच आहे. पण किंमत भाटियाच्या कित्येक पट आणि नोंदपत्रिका दर मुलामागे नवी विकत घ्यायची. एकट्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्याने पहिल्या वर्षी ती घेऊ नये. दोघा-तिघांनी मिळून घेतली तर जमते, मात्र कोणाच्या कपाटात राहणार हे आधी ठरवावे.

आता ती स्वस्त पुस्तिका. व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, डॉल यांची मूळ, मॅलिन यांनी नागपुरात भारतीय केलेली: ८९ बाबी, जन्मापासून १५ वर्षांपर्यंत. ना ठोकळे, ना चित्रे. पालकाशी बोलायचे आणि मूल रोजच्या जगण्यात काय करते ते टिपायचे. सामाजिक वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले १००, झाला सामाजिक गुणांक. पेटीत ती तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते आणि पहिल्या तीन महिन्यांत हरवते.

४ जानेवारी २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेत बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी याच गुणांकावरून दिली होती: ० ते २०ला १०० टक्के, २१ ते ३५ला ९०, ३६ ते ५४ला ७५, ५५ ते ६९ला ५०, आणि ७० ते ८४ला २५. सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामध्ये एका मुलाचे बरेच काही अडकलेले असते. मार्गदर्शक तत्त्वे २०२४मध्ये पुन्हा निघाली, म्हणून अहवाल लिहिताना चालू प्रत समोर ठेवा, पाठांतरावर जाऊ नका.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. मूल आठ वर्षांचे, म्हणजे ९६ महिने. सामाजिक वय ६६ महिने निघाले तर गुणांक ६९. पाच-सहा वर्षांच्या टप्प्यावर वर्षाला मोजक्याच बाबी आहेत, त्यामुळे एकेका बाबीला साधारण दोन-अडीच महिन्यांचे वजन. एकच बाब जास्त धरली, सामाजिक वय ६८ झाले, गुणांक ७१. पन्नास टक्क्यांचे पंचवीस झाले, ‘हो’ आणि ‘नाही’ यांतल्या एका शब्दावर.

आणि तो शब्द कसा मिळतो पाहा. ‘हाताने जेवतो का?’ असे विचारले की आई ‘हो’च म्हणते. आपल्या मुलाला जेवता येत नाही असे परक्यासमोर कोण सांगेल? म्हणून प्रश्न वेगळा हवा: ‘काल रातीं कितें जेवलो? नुस्त्याचे कांटे कोणें काडले?’ काटे आजीने काढले, भात तिनेच कालवला आणि शेवटचे चार घास भरवले, हे तेव्हा बाहेर येते. बांगड्याचा मधला काटा स्वतः ओढून बाजूला ठेवणारे आठ वर्षांचे मूल आणि तारल्याच्या काट्याला घाबरून ताट सरकवणारे मूल, यांतला फरक कुठल्याही ठोकळ्यांच्या संचात दिसत नाही. काटा पुस्तिकेत नाही. पुस्तिकेत जेवण्याच्या बाबी आहेत, आणि काट्यावरून त्या बाबींचे खरे उत्तर मिळते.

दुसरी अडचण ‘संधी नाही’ या शेऱ्याची. मूल एखादी गोष्ट करत नाही, कारण त्याला येत नाही, की करूच दिली नाही? पुस्तिकेत यासाठी वेगळी खूण आहे आणि घाईत ती कोणी वापरत नाही. महामार्गाला लागून घर असेल तर मुलाला एकटे दुकानात पाठवत नाहीत. वडील तारवटी, आठ-नऊ महिने बोटीवर. आले की मुलाचे लाड, गेले की आई धास्तावलेली. अशा घरात दहा वर्षांचा मुलगाही एकटा बसस्टॉपवर जात नाही, आणि त्याचा बुद्धीशी संबंध नसतो. माहिती कोणी दिली, तो रोज मुलाबरोबर असतो का, हे अहवालात लिहा. सुट्टीवर आलेला बाप सांगतो ते आणि रोज आंघोळ घालणारी आजी सांगते ते, दोन्ही घ्या. तफावत आली तर तीही नोंदवा. नीट घेतली तर ही मुलाखत चाळीस-पन्नास मिनिटे घेते. शिबिरात ती दहा मिनिटांत उरकलेली दिसते. स्वस्त वस्तूला वेळही स्वस्तात दिला जातो.

भाषेच्या चाचण्यांत मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी. कामतांनी १९३०च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांवर बेतली, म्हणून गोव्यात ती हाताला सहज येते. इथेच सावध राहायला हवे. सत्तरीतले मूल घरी कोंकणी बोलते, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकते, आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाते. शब्दार्थ विचारला तर ते अर्थ कोंकणीत सांगते. अर्थ बरोबर असेल तर उत्तर बरोबर. मोजायची समज आहे, शुद्ध मराठी नाही. उलट, सूचना तुम्ही स्वतः कोंकणीत सांगितल्या असतील तर ते अहवालात लिहिलेच पाहिजे, कारण निकष तशा सूचनांवर बांधलेले नाहीत. झुआरीनगरच्या किंवा म्हापशाच्या बाजारामागच्या वस्तीतले कानडी, लमाणी मूल आले तर भाषेच्या चाचण्या सरळ बाजूला ठेवून रेव्हनच्या रंगीत मॅट्रिसेस काढाव्यात. चित्रातला गाळलेला तुकडा ओळखायचा: छत्तीस चित्रे, तीन गट, भाषा जवळजवळ शून्य. पुस्तिका मूळ रंगीतच हवी. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर चित्रांतले फरक बुजतात आणि चाचणी आपोआप अवघड होते. पैसे टाकायला ही चांगली जागा.

वाचन-लेखनातल्या अक्षमतेसाठी निम्हान्सची बॅटरी वापरतात, दोन पातळ्या: ५ ते ७ आणि ८ ते १२ वर्षे. साहित्य म्हणून काहीच जड नाही, कागदच. पण गोव्यात तिचा सर्वाधिक गैरवापर पाचवी-सहावीत होतो. चार वर्षे मराठीत शिकलेले मूल सहा महिन्यांपूर्वी इंग्रजी माध्यमात आले. त्याला इंग्रजी उतारा वाचायला दिला, ते अडखळले, आणि ‘डिस्लेक्सिया’ लिहून मोकळे. आधी त्याच इयत्तेचा मराठी उतारा वाचून घ्या. मराठीत ते सरसर वाचत असेल तर अडचण माध्यमबदलाची आहे. मराठीतही काना-मात्रा गळत असतील, जोडाक्षरापाशी थांबत असेल, ‘ब’ आणि ‘व’ची अदलाबदल होत असेल, तर पुढे जा. शाळेच्या चौथीच्या वह्या मागवा. त्या फुकट मिळतात आणि बॅटरीइतकेच सांगतात. २०१८च्या त्याच अधिसूचनेप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षी आणि पुन्हा १४ व १८व्या वर्षी, त्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलासाठी घाई करणाऱ्या पालकांना समजावण्याची तयारी ठेवावी.

मोठ्यांच्या चाचण्यांवर थोडक्यात. निम्हान्सच्या न्यूरोसायकॉलॉजी बॅटरीचे निकष वय, लिंग आणि शिक्षणानुसार वेगळे आहेत, पण वयाची मर्यादा ६५. पोर्तुगीज काळात लिसेव (माध्यमिक शिक्षण) केलेल्या ८०-८५ वर्षांच्या आजोबांना विसरभोळेपणासाठी आणले तर हा तक्ता लागू होत नाही. तरी तो ओढूनताणून लावलेले अहवाल पाहायला मिळतात. प्रौढांसाठी चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेची बॅटरी घ्यावी. स्मृतीचा भाग तेवढा आधी शिका, तोच सगळ्यांत जास्त लागतो.

रॉर्शाकच्या शाईच्या डागांच्या चाचणीबद्दल सविस्तर बोलावे लागेल, कारण सगळ्यांना तीच हवी असते. दहा पत्ते, १९२१ साली हर्मन रॉर्शाक यांनी प्रसिद्ध केलेले: पाच काळ्या-करड्या छटांचे, दोनांत लाल, तीन बहुरंगी. आजही मूळ पत्ते स्वित्झर्लंडमधून छापून येतात आणि महाग पडतात, म्हणून झेरॉक्स नाहीतर स्कॅन करून छापलेले संच हातोहात फिरतात. ते घेऊ नका. नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण व्यवहाराचाही आहे: या चाचणीत करड्याच्या फिकट-गडद छटांवरून मऊपणा, खोली, धूसरपणा दिसला का, यालाच वेगळे गुण आहेत. प्रिंटरने छटा सपाट केली की ते प्रतिसाद येतच नाहीत, आणि माणूस भावनाशून्य ठरतो.

मूळ संच घेतलात तरी पावसाळा आहे. बंद कपाटात ऑगस्टपर्यंत पुठ्ठ्यावर बुरशीचे पिवळट-तपकिरी ठिपके येतात, आणि तेही नेमके पांढऱ्या जागेत, जिथल्या प्रतिसादांची वेगळी नोंद करायची असते. मग एकामागून एक रुग्ण त्याच कोपऱ्यात ‘किडा’ पाहतात. त्या कोपऱ्यात खरोखरच बुरशी आहे! ठिपका आलेला पत्ता बाद समजावा. खोडरबराने पुसू नका, चकाकी जाते आणि तिथे नवाच डाग दिसायला लागतो.

साठवणीचे एवढेच: कागद आणि पत्ते रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी तापवून कोरड्या करायच्या ते कळते. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकला तर उत्तम. आकडा ६०च्या खाली राहिला पाहिजे. लाकडी साहित्य वेगळ्या डब्यात. गोव्यातल्या घरांत कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायची पद्धत आहे. कपड्यांना ती चालते, पण पत्ते बल्बजवळ ठेवले तर वाकतात. डांबरगोळ्या अजिबात नकोत. वास महिनोन्‌महिने जात नाही, लहान मुले ठोकळे तोंडात घालतात, आणि जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीन खरोखर धोक्याचे असते.

स्टॉपवॉच मोबाइलचे चालेल का, असे हमखास विचारतात. चालत नाही. मधेच मेसेज येतो, मूल पडद्याकडे बघते, आणि सेकंदांवर गुण असलेल्या भागात तेवढे पुरते. साधे, आवाज बंद होणारे घ्या आणि टेबलाच्या कडेखाली धरा. घड्याळ दिसले की चुणचुणीत मूल ठोकळे सोडून घड्याळाशी शर्यत लावते.

निवृत्त होणाऱ्या किंवा गोवा सोडून जाणाऱ्या सहकाऱ्याचा जुना संच मिळत असेल तर तो अवश्य पाहा. जुने लाकूड पुष्कळदा नव्यापेक्षा मुरलेले असते. मात्र पैसे देण्यापूर्वी भाटियाच्या वड्या पुस्तिकेतल्या यादीशी एकेक करून मोजा, चित्रजुळणीचे तुकडे पाचही चित्रांत बसवा, आणि कोह्‌सच्या सोळा ठोकळ्यांत एखादा नंतर बनवून घातलेला आहे का ते खिडकीपाशी धरून बघा. तो रंगाने ओळखू येतो. आणि व्हाइनलँडची पुस्तिका पेटीत आहे का, हे आधी विचारा. बहुतेक वेळा ती नसते.